एका गाडीची दोन अ‍ॅव्हरेज

आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकता टाकताच पहिला प्रश्न येतो, ‘‘अ‍ॅव्हरेज किती देते?’’ रंग, डिकी, एसी हे सगळं मागाहून. एक आकडा ऐकला की विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि सांगणाऱ्याची कॉलर ताठ होते. पण मैत्रिणींनो, काही गाड्या अशा आहेत की त्यांच्याबाबतीत या साध्या प्रश्नाची दोन उत्तरं येतात. दोन्ही खरी. आणि आपल्या उपयोगाचं कोणतं, हे गाडीवर नाही, आपल्या घरावर अवलंबून!

या गाड्यांना प्लग-इन हायब्रिड म्हणतात. आपल्या ओट्यावर इंडक्शन आणि गॅस शेजारी शेजारी असतात ना, तसंच. सकाळचा चहा इंडक्शनवर, लाइट गेली की गॅस. या गाडीत विजेची बॅटरी आणि पेट्रोलचं इंजिन दोन्ही असतं. रात्री मोबाइलसारखी गाडी चार्जिंगला लावायची. दुसऱ्या दिवशी पहिले काही किलोमीटर ती विजेवर जाते, बॅटरी उतरली की पेट्रोलवर. रस्त्यात अडकायची भीती नाही. आपल्याकडे २०२२ साली आलेल्या ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर याही हायब्रिड गाड्या, पण त्यांना प्लग नाही. त्यांची छोटी बॅटरी चालता चालता आणि ब्रेक दाबताना आपली आपणच भरते. प्लग-इनची बॅटरी मोठी असते आणि ती भरण्याचं काम माणसाने करायचं असतं. हे ‘माणसाने करायचं’ लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं येणार आहे.

आता बार्शीत बसून मला या गाड्यांची उठाठेव का? तर माझी धाकटी नणंद अमेरिकेत, मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ राहते. लग्न होऊन गेली तेव्हा डिपेंडंट व्हिसा. एम.एस्सी. झालेली मुलगी, पण नोकरीची परवानगी नव्हती. वर्षानुवर्षं घर, मुलगा, आणि कुठे जायचं तर नवऱ्याला सुट्टी असेल तेव्हा. ग्रीन कार्ड आलं, एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि आता पहिल्यांदा स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावावर गाडी घ्यायची आहे. सेकंडहँडच, पण स्वतःची. तिच्यासमोर दोन गाड्या होत्या. एक २०१८ सालची शेव्हरोले व्होल्ट, दुसरी २०२० सालची टोयोटा प्रायस प्राइम. जावईबापू म्हणत होते व्होल्ट, गाडी विकणाराही म्हणत होता व्होल्ट. कारण काय, तर विजेवर दुप्पट जाते. तिने मला फोन केला, ‘‘वहिनी, तू बचत गटांचे हिशेब बघतेस. मला गाडीतलं काही सांगू नकोस, फक्त आकडे बघून सांग.’’

मी बी.ए. मराठी. पण आकड्यांना भाषा कुठे असते?

अमेरिकेत प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर अ‍ॅव्हरेजचा कागद लावणं कायद्याने बंधनकारक आहे. पर्यावरणाचं खातं पाहणारी ईपीए ही सरकारी संस्था ते आकडे ठरवते. तिची गाड्या तपासायची प्रयोगशाळाही मिशिगनमध्येच, अ‍ॅन आर्बर गावात आहे. गाडी रुळांवर उभी करतात, चाकं जागच्या जागी फिरतात आणि शहरातलं, हायवेवरचं चालवणं ठरलेल्या वेळापत्रकाने करून बघतात. बहुतेक चाचण्या कंपन्या स्वतः करतात, त्यातल्या काहींची फेरतपासणी ही प्रयोगशाळा करते. जुन्या गाड्यांचे आकडेही सरकारी यादीत मिळतात. तिथून घेतलेले हे आकडे. व्होल्ट निव्वळ विजेवर ५३ मैल जाते, म्हणजे साधारण ८५ किलोमीटर. बॅटरी उतरल्यावर पेट्रोलवर एका गॅलनला ४२ मैल. प्रायस प्राइम विजेवर फक्त २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. पेट्रोलवर मात्र गॅलनला ५४ मैल. (अमेरिकन गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या वर थोडं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक गाडी लिटरला १८ आणि दुसरी २३ किलोमीटर.)

याखेरीज त्या कागदावर ठळक अक्षरात आणखी एक आकडा असतो, एमपीजीई. व्होल्टला १०६, प्राइमला १३३. हा काय प्रकार? एक गॅलन पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते तेवढी ३३.७ युनिट विजेत असते. तेव्हा ३३.७ युनिटमध्ये गाडी किती मैल जाते, तो हा आकडा. विजेला पेट्रोलच्या मापाने मोजायचं. दूध किलोने मोजावं तसं मला ते वाटलं. चूक नाही, पण ओळखीचं नाही. शिवाय त्यात पैशाचं काहीच कळत नाही, कारण ३३.७ युनिटचं बिल आणि एक गॅलन पेट्रोलचं बिल कुठल्याच गावात सारखं नसतं.

आपल्या कामाचा आकडा त्याच कागदावर बारीक अक्षरात असतो. शंभर मैलांना किती युनिट? व्होल्टला ३१, प्राइमला २५. आणि ही युनिटं भिंतीच्या प्लगमधून ओढलेली मोजतात, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून. म्हणजे आपल्या मीटरवर पडतील तीच. ही गोष्ट मला फार आवडली.

मग नणंदेला म्हटलं, तुझा रोजचा दिवस सांग. तर ऑफिस जाऊन-येऊन २८ मैल, मुलाची शाळा आणि वाटेतलं वाणसामान धरून आणखी ५. एकूण ३३ मैल. विजेचा दर हिशेबाला युनिटला १८ सेंट धरला आणि पेट्रोल गॅलनला ३ डॉलर २० सेंट.

व्होल्ट सगळे ३३ मैल विजेवर जाईल. साधारण १०.२ युनिट, म्हणजे १ डॉलर ८४ सेंट. प्राइमचे पहिले २५ मैल विजेवर, सव्वासहा युनिटचे १ डॉलर १२ सेंट. उरलेले ८ मैल पेट्रोलवर, त्याचे ४७ सेंट. एकूण १ डॉलर ५९ सेंट!

मी तीनदा ताळा करून पाहिला. विजेवर निम्मंच अंतर जाणारी गाडी रोजच्या खर्चाला स्वस्त पडत होती. कारण ती वीजही कमी खाते आणि पेट्रोलही कमी पिते. ‘दुप्पट जाते’ हे खरंच होतं, पण दुप्पट कशाच्या जोरावर? तर बॅटरीही दुपटीहून मोठी आहे म्हणून. व्होल्टची १८.४ युनिटची, प्राइमची ८.८ ची. मोठा हंडा म्हणजे पाणी जपून वापरणारं घर नव्हे, तसंच हे. गाडी विजेवर किती लांब जाते हा एक प्रश्न आणि ती वीज किती काटकसरीने वापरते हा दुसरा. शोरूममध्ये पहिल्याचं उत्तर मोठ्या आवाजात मिळतं.

फरक दिवसाला २५ सेंटचा, महिन्याचे कामाचे दिवस धरले तर पाच-साडेपाच डॉलर. फार नाही, मान्य. पण व्होल्टने पैसे वाचतील म्हणून ती घ्यायची, हे कारण तरी खोडलं गेलं.

इथे एक जुनी गंमत सांगते. ऑगस्ट २००९ मध्ये, व्होल्ट बाजारात यायच्या आधी, जनरल मोटर्सने जाहीर केलं होतं की ही गाडी शहरात गॅलनला २३० मैल देईल. मोठा गाजावाजा झाला. २०१० च्या अखेरीस त्या पहिल्या व्होल्टवर सरकारी कागद लागला, तेव्हा त्यावर विजेचा आकडा ९३, पेट्रोलचा ३७ आणि दोन्ही मिळून ६०. दोनशेतीसचे साठ कसे झाले? रोज किती चालणार आणि किती वेळा चार्ज करणार, याचं गृहीतक बदललं की आकडा बदलतो. रोज फक्त तीस मैल जाणाऱ्या आणि न चुकता प्लग लावणाऱ्या बाईला पेट्रोल जवळजवळ लागणारच नाही, मग तिचं अ‍ॅव्हरेज हजार म्हणा की दहा हजार. प्लग कधीच न लावणारीला ३७.

आजच्या कागदावरही जिथे वर्षाचा इंधनखर्च छापलेला असतो, तिथे हे गृहीतक आत दडलेलं असतं. गाडी रोज रात्री एकदा पूर्ण चार्ज होते आणि अमेरिकेतली माणसं दिवसाला सर्वसाधारण जेवढी हिंडतात तेवढी हिंडते, असं धरलेलं असतं. त्या हिशेबाने २५ मैलवाल्या गाडीचा निम्म्याहून थोडा जास्त प्रवास विजेवर होतो, ५३ मैलवालीचा तीन चतुर्थांशाच्या आसपास. पण माझी नणंद म्हणजे सर्वसाधारण अमेरिकन माणूस नव्हे. तिचे ३३ मैल म्हणजे ३३ मैल.

खरी कळ आहे ती ‘रोज रात्री’ या दोन शब्दांत. युरोपात काय झालं बघा. तिथे कंपन्यांनी आपल्या साहेबलोकांना प्लग-इन हायब्रिड गाड्या दिल्या, कारण त्यावर करात सवलत होती. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये बातमी आली की यातल्या काही गाड्या परत आल्या तेव्हा चार्जिंगची केबल डिकीत वेष्टणासकट तशीच होती! उघडलीच नव्हती. पुढे २०२२ मध्ये आयसीसीटी आणि जर्मनीच्या फ्राउनहोफर या संस्थांनी हजारो गाड्यांची माहिती तपासली. घरच्या गाड्या प्रत्यक्षात ४५ ते ४९ टक्के अंतर विजेवर चालत होत्या, कंपनीच्या गाड्या फक्त ११ ते १५ टक्के. सरकारी चाचणीत धरलं होतं ७० ते ८५ टक्के. मार्च २०२४ मध्ये युरोपियन कमिशननेच सांगितलं की या गाड्यांचा प्रत्यक्षातला धूर कागदावरच्या साडेतीन पट भरतो. २०२५ पासून त्यांनी नव्या गाड्यांसाठी गृहीतक कडक करायला घेतलं.

कंपनीच्या गाड्याच का एवढ्या मागे, हे समजायला मला संशोधन लागलं नाही. पेट्रोलचं कार्ड कंपनीचं आणि घरच्या विजेचं बिल आपलं! कोण कशाला प्लग लावील? ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याच्याच हाताला बटण बंद करायची सवय असते. बचत गटाच्या हॉलमधले पंखे आणि आपल्या घरचे पंखे आठवा.

म्हणून नणंदेला मी गाडीच्या आधी गॅरेजबद्दल विचारलं. प्लग आहे का, कुठे आहे, केबल पोचते का? तिच्या गॅरेजात साधा ११०-१२० व्होल्टचा प्लग आहे. त्यावर प्राइम साडेपाच तासांत भरते. व्होल्टला रिकामीपासून पूर्ण भरायला जवळजवळ तेरा तास. अर्थात तिची रोज पूर्ण रिकामी होणार नाही, तेव्हा रात्रभरात भागलं असतं. पण रात्री नऊला परत बाहेर पडायचं झालं तर? हे कागदावर नसतं. तिच्या ओळखीची एक मराठी मुलगी अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर राहते, गाडी खाली उघड्यावर. तिने प्लग-इन घेण्यात अर्थच नाही. साधी बिनप्लगची हायब्रिड तिला तेवढंच अ‍ॅव्हरेज देईल आणि मोठ्या बॅटरीचं ओझं वाहावं लागणार नाही.

आणि मिशिगनची थंडी! शून्याखाली पंधरा-वीस जाणारी. थंडीत बॅटरी आखडते, आणि हीटर वीज खातो ते वेगळंच. अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनधारकांच्या संघटनेने २०१९ मध्ये पाच विजेच्या गाड्या उणे सात डिग्रीला हीटर लावून तपासल्या. सरासरी ४१ टक्के अंतर कमी भरलं. त्या निव्वळ विजेच्या गाड्या होत्या, पण तोच अंदाज लावला तर व्होल्टचे ५३ मैल थंडीत एकतीसवर येतील आणि प्राइमचे २५ पंधरावर. प्राइमला हीटरसाठी हीट पंप आहे, तो कमी विजेत गाडी गरम करतो, पण उणे दहाच्या खाली तिलाही गरमीसाठी इंजिन सुरू करावं लागतं. कडाक्याच्या थंडीत व्होल्टही इंजिनाची मदत घेते.

इथे नणंद म्हणाली ते मला महत्त्वाचं वाटलं. ‘‘वहिनी, तिकडे पेट्रोल आपलं आपणच भरायचं असतं. जानेवारीत पंपावर ती लोखंडी नळी धरून उभं राहायचं म्हणजे हातमोज्यातून बोटं जातात. त्यापेक्षा पाच डॉलर जास्त गेले तरी चालतील.’’ म्हणजे बघा, स्वस्त कोणती हे मी सांगू शकते. पण पंपावर कमीत कमी वेळा जायचं असेल तर व्होल्टच बरी. हा हिशेब पैशाचा नाही, आणि तो तिनेच करायचा. जावईबापूंनी नव्हे, मीही नव्हे.

तिच्या सासूबाई-सासरे उन्हाळ्यात सहा महिने येतात. मग घरात माणसं पाच. प्रायस प्राइमला २०१९ सालापर्यंत चारच सीट होत्या! २०२० च्या गाडीपासून पाच झाल्या. अ‍ॅव्हरेजचे आकडे अगदी तेच. कागदावरून हा फरक कुणाला कळणार? व्होल्टला पाच आहेत खऱ्या, पण मधल्या माणसाच्या पायांत बॅटरीचा उंचवटा येतो. सासूबाईंना मधे बसवून बघ, म्हटलं.

एकाच गाडीचा विजेवरचा पल्ला देश बदलला की कसा बदलतो, हेही मी शोधलं. २०२३ साली आलेली नवी प्लग-इन प्रायस, १७ इंची चाकांची. जपानमध्ये कागदावर १०५ किलोमीटर, युरोपात ८६ आणि अमेरिकेत ४४ मैल, म्हणजे ७१ किलोमीटर. गाडी तीच! चाचणीचं वेळापत्रक निराळं, एवढंच. अमेरिकन चाचणी त्यातल्या त्यात कडक, म्हणून रस्त्याच्या जवळ जाणारी. आणि त्याच गाडीला देखणी १९ इंची चाकं लावली की ४४ चे ३९ मैल होतात. नुसत्या चाकांच्या नटण्यापायी पाच मैल गेले.

आपल्याकडे प्लग-इन हायब्रिड म्हणजे परदेशी कंपन्यांच्या महागड्या एखाद-दोन गाड्या, आपल्या गल्लीत त्या येणार नाहीत. पण विजेची स्कूटर मात्र दारोदारी आली आहे. आमच्या गटातल्या दोघींनी गटाचं कर्ज काढून घेतली, एक दूध घालते, दुसरी शिवणाचे कपडे पोचवते. स्कूटर चार्ज केल्यावर किती जाते हा आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांच्या चाचणीतून येतो, आणि तिथे ना दोन कॅन असतात, ना खड्डे, ना मागे बसलेला भाऊ. मी दोघींना सांगितलं होतं, कागदावरच्या आकड्यात तुमचा लांबातला लांब दिवस बसवून बघू नका, त्यातला तिसरा हिस्सा आधी सोडून द्या आणि मग बसवा. दूधवालीचा बसला. शिवणवालीने थांबून मोठ्या बॅटरीची घेतली, हप्ता वाढला तरी.

नणंदेला अजून एक तपासायचं आहे. सेकंडहँड विजेच्या आणि प्लग-इन गाड्यांवर अमेरिकेत चार हजार डॉलरपर्यंत करसवलत होती, ती ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद झाली, तेव्हा तो आधार नाही. व्होल्टचं उत्पादन २०१९ मध्येच थांबलं. तिच्या बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा एक लाख मैल, म्हणजे २०१८ च्या गाडीची संपलेली किंवा संपत आलेली. टोयोटाने २०२० च्या गाड्यांपासून बॅटरीची हमी दहा वर्षं किंवा दीड लाख मैल केली. म्हणून तिला सांगितलं आहे, शनिवारी दोन्ही गाड्या विकणाऱ्याकडून रात्रभर चार्ज करून ठेवायला सांग. हीटर बंद कर, मैलांचा काटा शून्यावर आण, आणि इंजिन सुरू होईपर्यंत नेहमीच्या ऑफिसच्या रस्त्यानेच चालव. जो आकडा येईल तो कागदावर लिही आणि मला फोटो पाठव.